चाकावरची रेघ

अप्पांना माणसं आवडत नसत असं नाही, पण माणसाच्या आधी त्याची वस्तू बघायची त्यांना सवय होती. दुकानात कुणी शिरलं की "या, बसा" नंतर, आधी हात पुढे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हातात पडलं की ते उलटंसुलटं करत विचारायचे, "बोला, काय काम काढलंत?" तोवर समोरच्याचं काम त्यांना अर्धंअधिक कळलेलं असायचं. गिऱ्हाईक बिचारं तोंड उघडायच्या तयारीत, आणि यांनी त्याची कुंडली मांडून ठेवलेली.

दुकान कसलं, लोखंडी जाळीमागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं आणि भिंतीला टेकवलेलं काचेचं कपाट. आतल्या खोलीत कामाचं टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, कानशी, पितळी ब्रश, तेलाच्या बाटल्या आणि चिंध्या. तिथला तेलाचा वास एकदा अंगाला लागला की घरी जाऊन साबण लावेपर्यंत सुटायचा नाही. बँकांचे पहारेकरी, सराफांचे राखणदार, एखादा निवृत्त साहेब, असं गिऱ्हाईक. साफसफाई आणि दुरुस्तीवर पोट चालायचं, पण अप्पा मिस्त्रींचं नाव होतं ते जुन्या वस्तूची किंमत करण्यात. वापरून झिजलेलं रिव्हॉल्व्हर कितीला घ्यावं नि कितीला द्यावं, यावरून दोघांचं फाटलं की तिसरा म्हणायचा, "चला मिस्त्रींकडे." मिस्त्रींनी सांगितलेल्या भावावर सहसा कुणी घासाघीस करत नसे. केलीच, तर अप्पा वस्तू कपड्यात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. चष्मा निघाला म्हणजे दरबार बरखास्त.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी खोट सांगायची, मग भाव. खोट सांगायची तीही मालकाच्या तोंडावर. लोक वस्तूबरोबर गोष्टी घेऊन येत. हे आमच्या आजोबांना कुणा बड्या साहेबानं खूश होऊन दिलं, यानं एकदा घरात शिरलेला दरोडेखोर पळवून लावला. अप्पा सगळं ऐकून घेत, मधूनमधून "काय सांगता!" म्हणत, आणि शेवटी सांगत, "गोष्ट झकास आहे. पैसे पोलादाचे मिळतील."

एकदा एका बहाद्दरानं विकायच्या आधी आपलं रिव्हॉल्व्हर पॉलिश पेपरनं घासून, वर काळा रंग चढवून आणलं. नव्यासारखं दिसलं की नव्याचा भाव मिळेल, असा त्याचा हिशोब. अप्पांनी ते दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "अहो, आजोबांना कलप लावून मुलगी दाखवायला नेताय की काय?" बाकड्यावरची मंडळी खो-खो हसली. मग मात्र त्याला आत बोलावून नीट समजावलं. झीज म्हणजे खोट नव्हे. वस्तू वापरली की झिजणारच. चामड्याच्या कव्हरातून काढून-घालून नळीच्या तोंडाचा रंग जातो, तळहाताच्या घामानं मूठ गुळगुळीत होते, ते दिसू द्यावं. लपवलेली झीज तेवढी वाईट. आणखी काय लपवलंय असा संशय येतो, आणि संशय आला की भाव निम्मा.

ही सगळी विद्या त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीला दिली. तिला सगळा रस्ता ताई म्हणायचा, आणि दुकानात अप्पा तिला 'छोटे मिस्त्री' म्हणून हाक मारायचे. सुरुवातीला बाईच्या हातात बंदूक बघून गिऱ्हाइकं नाक मुरडायची. अप्पा त्यांना सांगायचे, "तिनं भाव सांगितलाय ना? घ्या मुकाट्यानं. मला विचारलंत तर मी त्याहून कमीच सांगेन." हळूहळू लोकांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर अप्पांचे डोळे थकले तेव्हा लोक आपणहून तिलाच विचारू लागले. दुकानाचा परवानाही तिच्याच नावावर झाला.

आईला मात्र या विद्येचं काडीचंही कौतुक नव्हतं. "लोकांच्या लोखंडाकडे बघून त्यांच्या पोटातलं ओळखतात," ती ताईला म्हणायची, "आणि मी अबोला धरलाय हे यांना मीच सांगावं लागतं." यावर अप्पा म्हणायचे, "अगं, तू गप्प बसलीस की मला वाटतं चांगला दिवस उजाडला." मग आई भांडी आपटायची. आपटताना तोंड फिरवून हसायची, हे ताईनं कितीदा तरी पाहिलं होतं.

आई गेली तीही अशीच, कुणाला ताकास तूर लागू न देता. दुखणं अंगावर काढत राहिली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. अप्पांनी सगळं शांतपणे निभावलं. रडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत. आठवडा व्हायच्या आत दुकान उघडलं, आणि भेटायला येणाऱ्यांना "चालायचंच" म्हणून उलट त्यांनीच धीर दिला. लोक ताईला म्हणाले, "धीराचा माणूस हो तुमचा बाप." ताईलाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं सोयीचं होतं. तिचं लग्न झालेलं, घर चार गल्ल्या पलीकडे. दिवसभर बापलेक दुकानात शेजारी शेजारी बसत आणि संध्याकाळी जाळीला कुलूप लागलं की ती आपल्या घरी, ते आपल्या घरी. ती त्यांच्या हातात रोज न चुकता जेवणाचा डबा द्यायची, आणि डबा रोज घासूनपुसून परत यायचा. बाप व्यवस्थित जेवतोय, वेळेवर दुकानात येतोय, आणखी काय बघायचं असतं?

काही वर्षांनी अप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग गॅस बंद करायचा. एक दिवस घरी जाताना रस्ता चुकले आणि चार दुकानं सोडून असलेल्या टेलरमामांकडे शिरून उभे राहिले. कशाला आलो ते आठवेना, म्हणून पँटचं माप देऊ लागले. टेलरमामांनीही चकार शब्द न काढता माप घेतलं, पँट शिवली, आणि ती ताईच्या हातात देताना म्हणाले, "ताई, आता त्यांना एकटं सोडू नका." त्याच आठवड्यात ताई आणि तिचा नवरा बाडबिस्तरा घेऊन अप्पांच्या घरी राहायला आले.

तेव्हापासून अप्पा रोज विचारू लागले, "तुझी आई कुठाय?" पहिल्या-पहिल्यांदा ताईनं खरं ते सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू ती गेल्याचं त्यांना त्याच क्षणी पहिल्यांदा कळलंय. मग तिनं खरं सांगणं सोडलं. "बाहेर गेलीय, येईल," असं ती म्हणायची, आणि अप्पा खुशीत खिडकीशी जाऊन बसायचे. ताईला या आजाराचा मनापासून राग होता. एवढा हुशार माणूस, आणि डोळ्यांदेखत त्याचं असं व्हावं!

पण हातात वस्तू दिली की अप्पा पुन्हा पूर्वीचे व्हायचे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण खिळखिळा झालेला खटका बोटाला बरोबर सापडायचा. म्हणून ताई त्यांना रोज दुकानात आणायची, त्यांच्या स्टुलावर बसवायची आणि दिवसातून एखादी वस्तू तपासायला त्यांच्या पुढ्यात ठेवायची.

राहता राहिलं अप्पांचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर. दुकानात एकदा चोरी झाली तेव्हा त्यांनी ते घेतलं होतं, आणि आईच्या कटकटीला न जुमानता वर्षानुवर्षं कमरेला लावून हिंडले होते. हल्ली ते घरच्या कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. काडतुसं ताईनं केव्हाच हलवली होती, पण वस्तूचा परवाना अजून अप्पांच्या नावावर होता. परवान्याचं काम बघणाऱ्या साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. माणूस भला होता. म्हणाला, "ताई, वडिलांची तब्येत मला माहीत आहे. परवाना पुढे वाढवायची सही आता माझ्या हातून व्हायची नाही. महिनाअखेरपर्यंत ते विकून टाका आणि विक्रीच्या कागदावर त्यांची सही आणा. नाहीतर मला शिपाई पाठवावा लागेल, आणि मिस्त्रींच्या दारात शिपाई पाठवायची माझी इच्छा नाही."

ताईनं घरी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा भडकले. "मी चोर आहे का? वेड लागलंय का मला?" आणि मग, त्याहून वाईट म्हणजे, रडले. बायको गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस कपाटाला पाठ लावून ओक्साबोक्शी रडला. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

महिना संपत आला. एका सकाळी अप्पा आंघोळीला गेलेले असताना तिनं खुंटीवरच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, रिव्हॉल्व्हर कव्हरासकट पिशवीत टाकलं आणि किल्ली होती तिथे ठेवून दिली. बापाच्या खिशात हात घालायची वेळ आपल्यावर येईल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. वस्तू घरचीच, दुकान घरचंच, तिनं कागदावर वाटेल तो भाव लिहिला असता तरी विचारणारं कुणी नव्हतं. पण तिच्या मनाला ते पटेना. ज्याची वस्तू त्याच्या नकळत काढून आणली, त्याला निदान रास्त भाव तरी मिळावा, आणि तो त्याच्याच तोंडून यावा. शिवाय मनात एक वेडी आशा होती. तपासता तपासता अप्पांना आपली वस्तू ओळखू येईल, सगळं उमजेल, आणि ते आपणहून म्हणतील, ने बाई, आता मला काय करायचंय तिचं. तसं झालं असतं तर तिला हलकं वाटलं असतं.

दुपारची जेवणं झाल्यावर गिऱ्हाईक नसतं. ताईनं कव्हर बाजूला ठेवलं आणि नुसतं रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून आणलं.

"अप्पा, एक वस्तू विकायला आलीय. जरा बघता?"

अप्पांनी हात पुढे केला. फडकं बाजूला सारलं. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, पण ओळखीचं काहीच उमटलं नाही. उमटली ती काम मिळाल्याची खुशी. त्यांनी आधी चाक उघडून ते रिकामं असल्याची खात्री केली, मग चष्मा पुसला आणि दिवा खाली ओढला.

"लिहा, छोटे मिस्त्री. नळीच्या तोंडाचा रंग गेलाय. म्हणजे कव्हरात राहिलेली आहे, बरीच वर्षं. मूठ पार गुळगुळीत झालीय, आणि अंगठ्याची झीज भलत्याच बाजूला. माणूस डावखुरा दिसतोय." असं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर डाव्या हातात तोललं. मूठ त्यांच्या तळव्यात अशी चपखल बसली की ताईला वाटलं, आता. आता ओळखणार. "बरी बसते हाताला," अप्पा म्हणाले आणि पुढच्या तपासणीला लागले.

नळीतून दिव्याकडे बघितलं. "आतून कोरी आहे ग! आटे बघ कसे धारदार आहेत. यानं फारशा गोळ्या उडवलेल्याच नाहीत."

"म्हणजे भाव चांगला येईल?"

"दम धर. तुला कायम घाई."

त्यांनी चाक बंद केलं आणि बोटानं हळूहळू फिरवू लागले. अर्ध्यात थांबले. नखानं काहीतरी चाचपलं. "ही रेघ बघितलीस?"

रिव्हॉल्व्हरमधलं गोळ्यांचं चाक फिरतं तेव्हा खालचा खटका त्याला घासत जातो आणि चाकाभोवती एक बारीक रेघ पडते. प्रत्येक रिव्हॉल्व्हरवर ती असतेच, त्यात विशेष काही नाही. पण ही रेघ बारीक नव्हती. रंग जाऊन पोलाद उघडं पडलं होतं आणि पोलादातही खाच झाली होती. नळी कोरी आणि रेघ एवढी खोल. याचा अर्थ काय, हे ताईला सांगायची गरज नव्हती. आपण चुकत असू, असं तिनं स्वतःला बजावलं.

"हा माणूस गोळी उडवत नाही," अप्पा म्हणाले. "हा घेऊन बसतो. घोडा मागे ओढायचा, चाक फिरलं की बोटानं धरून हळूच खाली सोडायचा. परत ओढायचा. एक-दोन दिवसांत एवढी रेघ पडत नाही. वर्षानुवर्षं बसलाय."

"हाताला चाळा असेल, अप्पा."

"चाळा करणारा चारचौघांत करतो. हे घेऊन बसतो तो एकटाच बसतो, दार लावून." त्यांनी घोडा दिव्याकडे वळवला. "आणि हे बघ, घोड्याला आपटल्याची एक खूण नाही. वस्तूची कदर असलेला माणूस आहे. जगण्यावरून एवढं मन उठलेलं असतानाही घोडा आपटू दिलेला नाही. म्हातारा असणार. बायको गेली असेल, नाहीतर पोर."

रंग गेलाय म्हणाले होते त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. ताईचं पेन थांबलं.

"त्याला सांग, स्प्रिंग मागवावी लागेल," अप्पा म्हणाले.

हे वाक्य तिनं फार वर्षांपूर्वी ऐकलं होतं. ती नुकतीच शिकायला बसली होती तेव्हा एका कंत्राटदाराचं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला आलं होतं. स्प्रिंग यायचीय, स्प्रिंग यायचीय म्हणून अप्पांनी ते महिनोन् महिने अडकवून ठेवलं. कंत्राटदार दर आठवड्याला चौकशीला यायचा, अप्पा त्याला चहा पाजायचे, तासभर गप्पा मारून परत पाठवायचे. एक दिवस ताईला ती स्प्रिंग खणातच सापडली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. गिऱ्हाइकाशी खोटं बोलता? अप्पांनी तिला रागावून काही सांगितलं नाही. कंत्राटदाराचं रिव्हॉल्व्हर काढलं, चाकावरची रेघ दाखवली आणि म्हणाले, "त्याचा मुलगा गेलाय. त्याला आठवड्यातून एकदा इथे यावं लागतं, म्हणून स्प्रिंग येत नाहीय." पुढे केव्हातरी तो कंत्राटदार खळखळून हसला, आणि मग स्प्रिंग आली. त्यानं ती वस्तू दुकानातच विकून टाकली.

तेव्हापासून ताई प्रत्येक चाकावरची रेघ बघत आली होती. तिनं स्वतः अशा दोघांच्या स्प्रिंगा अडवून ठेवल्या होत्या, परक्या माणसांच्या. आणि परवान्यासाठी लागणारी, अप्पांच्या वस्तूची वर्षाची तपासणी? तीही तीच करायची. करायची म्हणजे काय, घरी बसल्या बसल्या कागदावर 'ठीक' असं लिहून सही ठोकायची. अप्पांची वस्तू, तिला काय होणार? तिनं ती एकदाही हातात घेऊन दिव्याखाली धरली नव्हती. आज सकाळी पिशवीत टाकतानाही नाही. दिवसभर ज्याच्या मांडीला मांडी लावून बसायची, तो संध्याकाळी डबा घेऊन घरी गेल्यावर काय करत होता, हे तिला आज कळत होतं, आणि तेही त्यानंच सांगितलं म्हणून. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की मान वर करवेना.

"अप्पा," ती कसंबसं म्हणाली, "अजूनही बसत असेल का तो?"

अप्पांनी रेघेतून नख फिरवलं आणि ते तिला दाखवलं. "नाही. थांबलंय. तेल सुकून पिवळं पडलंय रेघेत. दोन-तीन वर्षांत कुणी चाक फिरवलेलं नाही."

"कशानं थांबला असेल?"

"कुणास ठाऊक. काहीतरी बरं घडलं असेल त्याच्या घरात."

दोन-तीन वर्षांपूर्वी घरात बरं असं काहीच घडलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी अप्पा विसरायला लागले होते. आई गेली हे विसरले होते, ती बाहेर गेलीय असं समजून खिडकीशी बसू लागले होते. ज्या आजाराला ताई उठताबसता शिव्या घालत होती, त्यानंच तिचा बाप तिच्यासाठी राखून ठेवला होता. तिच्या हातून ते झालं नव्हतं. आता त्या आजाराला काय म्हणावं, हे तिला समजेना.

"भाव काय लावू?" तिनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"पोलादाचा म्हणशील तर निम्मा. रंग नाही, चाक डुलतंय, रेघ अशी. तू नव्याचा लाव."

"नव्याचा? गोष्टीचे पैसे देत नाही म्हणता ना तुम्ही?"

"त्यानं सांगितली का काही गोष्ट?"

"नाही."

"मग? तोंडातून अवाक्षर न काढता आपणहून घेऊन आलाय. केवढं जड गेलं असेल त्याला! लिही नव्याचा भाव. घासाघीस करायची नाही." ताईनं लिहिलं. अप्पांनी सवयीनं तो विक्रीचा कागद ओढून घेतला आणि खाली वळणदार सही केली. साहेबांना हवी होती ती सही झाली. ताईला हवं होतं ते यातलं काहीच नव्हतं.

"कुठे बसलाय तो?" अप्पांनी विचारलं.

"बाहेर." तिच्या तोंडून निघून गेलं.

"एकटा? अगं, अशा माणसाला बाहेर एकटं बसवतात होय? एवढं शिकवलं नाही मी तुला? जा, आत बोलाव. मी बोलतो त्याच्याशी."

ताई उठून बाहेरच्या खोलीत गेली. रिकाम्या बाकड्यासमोर उभी राहिली. बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले. आत येऊन म्हणाली, "अप्पा, ते गेले."

"गेला? पैसे न घेता?" अप्पा ताडकन उठले. "आणि तू जाऊ दिलास?" त्यांनी चपला घातल्या न घातल्या आणि चालू लागले. ताईनं घाईघाईनं रिव्हॉल्व्हर तिजोरीत टाकलं, जाळी ओढून कुलूप लावलं, तोवर ते सायकलवाल्याच्या दुकानापुढे पोचलेही होते.

"एक म्हातारा गेला का इकडून? डावखुरा?"

सायकलवाल्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा मागून येणाऱ्या ताईकडे बघितलं. "नाही बुवा, मिस्त्री."

पुढे टेलरमामा दारातच होते. "मामा, एक म्हातारा बघितलात? एकटाच होता." टेलरमामांनी ताईचा चेहरा बघितला आणि काय समजायचं ते समजले. गळ्यातली टेप तशीच ठेवून रस्त्यावर उतरले. "कसा होता दिसायला?"

"मी पाहिला नाही हो. पण थकलेला असणार."

तिघांनी कोपऱ्यापर्यंत शोधलं. अप्पा प्रत्येक दुकानात डोकावत होते, येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातांकडे बघत होते. कुणी हसलं, कुणी वाट सोडून उभं राहिलं. शेवटी त्यांना दम लागला आणि ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. टेलरमामा पाणी आणायला गेले. ताई अप्पांच्या शेजारी टेकली.

"उशीर झाला," अप्पा म्हणाले. "मी बोललो असतो त्याच्याशी. नुसतं बसवून घेतलं असतं तरी चाललं असतं."

"अप्पा, ते सापडले."

"कुठे?"

"घरी पोचलेत. मुलगी आहे त्यांची, ती बरोबर होती."

"मुलगी आहे?" अप्पांनी तिच्याकडे वळून बघितलं. "मग ती इतकी वर्षं काय करत होती?"

"शेजारीच बसायची, अप्पा. तिला दिसलं नाही."

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, "तिला म्हणावं, स्वतःवर रागावू नकोस. म्हाताऱ्यानंच दिसू दिलं नसेल."

"सांगते तिला," ताई म्हणाली, आणि भर दुपारी, रस्त्यावर, लोकांची पर्वा न करता मोठ्यानं रडू लागली. ही कोण, का रडतेय, असं काहीही न विचारता अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती थांबेपर्यंत तो तसाच ठेवला.